काडीवरचा घास

माणमध्ये, कुशाबाच्या तीनमजली इमारतीच्या तळमजल्यावर, फहमिदाबाई एका जपानी मुलीला जपानी पद्धतीने जेवायला शिकवत होत्या. सतरंजीवर पाट ठेवला होता आणि पाटावर दोन वाट्या. एकीत भिजवलेले हिरवे वाटाणे, दुसरी रिकामी. नात्सुमीने दोन काड्यांनी वाटाणा उचलून या वाटीतून त्या वाटीत न्यायचा होता. टोचायचा नाही, ढकलायचा नाही.

घरमालक कुशाबा दारात उभा राहून बघत होता. आयटी पार्कात जमीन गेल्यापासून दुपारी त्याला दुसरं काम नसे.

“जपानच्या पोरीला जपान शिकवायला पौडची मास्तरीन,” तो म्हणाला. “आता मला कुनीतरी पेरनी शिकवा म्हन्जे झालं.”

“चपला काढून आत या, नाहीतर बाहेर गप्प उभे राहा, कुशादादा.”

“गप्पच हाय की. पन हिची आजी येनार म्हन्जे पोरगी बघायला आल्यासारकंच झालं बगा. चालून दाखव, सुईत दोरा ओवून दाखव.”

“वाटाणा उचलून दाखव,” नात्सुमी मान वर न करता म्हणाली, आणि वाटाणा सुटून कुशाबाच्या पायाशी गेला.

“नापास,” कुशाबा म्हणाला.

एरवी फहमिदाबाई हसल्या असत्या. आज त्यांनी नुसता वाटाणा उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “वरची काडी हलते. खालची हलत नाही. खालची म्हणजे जमीन समज. पुन्हा.”

नात्सुमी आठ वर्षांची होती. तिचे वडील मोरियामा साहेब हिंजवडीच्या एका कंपनीत इंजिनिअर होते आणि वरच्या मजल्यावर भाड्याने राहत. ते माणमध्ये आले तेव्हा नात्सुमी नुकती बोलायला लागली होती आणि तिची आई अकिए बरोबर होती. पुढे अकिए आजारी पडली. उपचारांसाठी माहेरी जपानला गेली. एक दिवस तिकडून बोलावणं आलं, तेव्हा मोरियामा साहेब नात्सुमीला खाली फहमिदाबाईंकडे ठेवून गेले. परत आले ते एकटेच.

त्या दिवशी जे ठेवलं ते ठेवलंच. साहेब सकाळी कंपनीत जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. नात्सुमी शाळेतून तळमजल्यावर यायची, तिथेच जेवायची, अभ्यास करायची आणि झोपायला तेवढी वर जायची. फहमिदाबाईंचा सगळा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिली-दुसरीची मुलं हाताळण्यात गेला होता. मुलगा आणि सून भूगावला फ्लॅट घेऊन राहत होते. घरात दुसरं कोणी नव्हतं. त्यांना ही मुलगी जड झाली नाही. उलट शाळेतून यायला तिला जरा उशीर झाला, की त्या फाटकापर्यंत जाऊन यायच्या.

जेवायला दोघी समोरासमोर बसत. नात्सुमी वरणभात हाताने कालवून खाई. डावा हात मांडीवर ठेवायचा, अन्नाला उजवाच हात लावायचा, हे बाईंनी तिला पहिल्या आठवड्यातच शिकवलं होतं. आणि जेवण सुरू करताना पहिला घास समोरच्याला. तो मात्र शिकवलेला नव्हता. बाईंनी एकदा भरवला, दुसऱ्या दिवशी नात्सुमीने भरवला, मग रोजचंच झालं.

मार्चमध्ये एका रविवारी आजीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा नात्सुमी अशीच जेवत बसली होती. मनगटापर्यंत वरण आलेलं, हनुवटीला भात. जपानीत आजीला ओबाचान म्हणतात. ओबाचान बघत राहिली. मग तिने नात्सुमीला फोन वडिलांकडे द्यायला सांगितला.

काय ठरलं ते मोरियामा साहेबांनी संध्याकाळी जिन्यात उभं राहून मोडक्या हिंदीत सांगितलं. ओबाचान मे महिन्यात येणार. एक दिवस नातीबरोबर बसून जेवणार. ती अजून आमची राहिली आहे असं वाटलं तर तिला इथेच ठेवणार. नसेल तर घेऊन जाणार, कायमची. परतीची तिकिटं दोन काढली आहेत.

“तुम्ही काय म्हणालात?” बाईंनी विचारलं.

साहेबांनी कठड्यावर हात ठेवला आणि काढला. “मैं क्या बोलूँ, बाईजी. उनकी बेटी गई. मैं बोलूँ, नातिन भी नहीं दूँगा?”

रात्रभर विचार करून त्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की केली. परीक्षा घेणारी कोणीही असो, आपलं मूल तयारीशिवाय बसणार नाही.

साहेबांना वेळ नव्हता, म्हणून आधी बाई शिकल्या. फोनवर व्हिडिओ बघितले, रविवारी साहेबांना प्रश्न विचारले, स्वतः काड्या धरून पोह्यांतले शेंगदाणे वेचले. मग नात्सुमीला शिकवायला घेतलं. लहान मुलांना शिकवण्याचा त्यांचा नियम एकच होता: कसं हे दाखवायचं आणि का हे सांगायचं. का कळलं, की मूल विसरत नाही.

जेवणाआधी हात जोडून ‘इतादाकिमास’ म्हणायचं. का? कारण हे अन्न कुणाच्या तरी जिवातून आणि कुणाच्या तरी हातून आपल्यापर्यंत आलं. “म्हणजे बिस्मिल्लासारखं,” नात्सुमी म्हणाली. “आणि वदनी कवळ घेतासारखं.” शाळेत तेही म्हणत. बाई म्हणाल्या, तसंच समज. काड्यांनी वाटी ओढायची नाही, कारण खरवडते आणि आवाज होतो. कुठला तुकडा घेऊ म्हणत काड्या ताटावर फिरवत राहायचं नाही, कारण समोरच्याला वाटतं आपलं रांधणं पसंत नाही. वाटीत शीत उरता कामा नये. याला कारण सांगावं लागलं नाही.

सगळ्यांत अवघड निघाला डावा हात. जपानी पद्धतीत भाताची वाटी डाव्या हातात उचलून तोंडाजवळ धरायची असते. डावा हात मांडीवर ठेवून खाणं म्हणजे बेफिकिरी. नात्सुमीचा हात पुन्हा पुन्हा मांडीवर जाऊन बसे.

“बाई, तुम्हीच म्हणाला होता डावा हात न्हाई लावायचा.”

“नाही लावायचा. न्हाई नाही म्हणायचं.”

“कुशादादा म्हणतात.”

“कुशादादांची आजी परीक्षेला येणार नाही. डाव्या हातानं अन्नाला शिवायचं नाही, ते तसंच आहे. वाटीला बाहेरून धरायचं, म्हणजे अन्नाला मान द्यायचा. वाकून तोंड वाटीजवळ नेलं तर आपण कसे दिसतो?”

“शेळीसारखे.”

“मग वाटी वर आण.”

एका नियमापाशी बाई अडखळल्या. भातात काड्या उभ्या रोवायच्या नाहीत. नात्सुमीने विचारलं, का? बाईंना कारण ठाऊक होतं. तिकडे तसा भात मेलेल्या माणसापुढे ठेवतात. पण ते त्यांच्या तोंडून निघेना. “नसतं करायचं,” त्या म्हणाल्या. नात्सुमीने चमकून वर पाहिलं. बाईंकडून असं उत्तर तिला आजवर मिळालं नव्हतं.

ओबाचान यायच्या आदल्या रविवारी मोरियामा साहेब खाली आले. नात्सुमी गच्चीवर पतंग उडवत होती. साहेबांनी बाईंच्या टेबलावरच्या दोन पेन्सिली आपल्या हातात काड्यांसारख्या धरल्या आणि दोन बाईंना धरायला लावल्या. खोडरबराचा तुकडा आपल्या पेन्सिलींत उचलला आणि बाईंच्या पेन्सिलींपुढे आणला. बाई तो पकडायला गेल्या, तसा त्यांनी मागे घेतला.

“ये नहीं. कभी नहीं. स्टिक से स्टिक, नहीं.”

“क्यों?”

साहेब शब्द शोधू लागले. “फायर के बाद,” ते म्हणाले. “बोन. फॅमिली ऐसे उठाती है. एक देता है, दूसरा लेता है. सिर्फ तब. अकिए का...” ते थांबले. रबराचा तुकडा त्यांनी टेबलावर ठेवला, अगदी हळू, जणू तो मोडेल. “मैं और उसकी माँ.”

गच्चीवरून नात्सुमीचा आवाज येत होता. ती कुणालातरी ढील दे म्हणत होती.

“बच्ची को मालूम है?” बाईंनी विचारलं.

त्यांनी मान हलवली. नाही. आई गेली एवढंच तिला ठाऊक होतं. कुठे गेली, कशी गेली, नंतर काय झालं, हे तिने विचारलं नव्हतं आणि कुणी सांगितलं नव्हतं.

“ये मैं नहीं सिखाऊँगी,” बाई म्हणाल्या. “ज़रूरत नहीं पड़ेगी. ती कशाला कुणाच्या काड्यांतलं घ्यायला जाते?”

साहेबांनी दोन्ही हात मांडीला लावून वाकून नमस्कार केला. त्यांना सुटल्यासारखं वाटलं हे स्पष्ट दिसत होतं. बाईंनाही वाटलं.

जेवण शनिवारी दुपारी होतं. ओबाचान गुरुवारी आली होती. ठेंगणी, ताठ, पांढरे केस कापून कानापर्यंत आणलेले. दोन दिवस ती नात्सुमीशी हळू आवाजात बोलत होती, तिच्या वह्या बघत होती, पण पसंत-नापसंत काहीच चेहऱ्यावर येऊ देत नव्हती. शनिवारी सकाळी तिने निरोप पाठवला की खालच्या बाईंनीही जेवायला यावं.

“तुमाला बी बघायची हाय,” कुशाबा जिन्यापाशी म्हणाला. “पोरीसंगं मास्तरीन बी परीक्षेला. घाबरू नगा. नापास झाला तर आमच्या पुतन्याचा क्लास हाय हिंजवडीत.”

“दादा, आज नको,” बाई म्हणाल्या. कुशाबाने त्यांचा चेहरा पाहिला आणि बाजूला होऊन वाट दिली.

वरच्या खोलीत बुटकं टेबल होतं. एका बाजूला ओबाचान, तिच्यासमोर नात्सुमी. नात्सुमीच्या शेजारी बाई, ओबाचानच्या शेजारी साहेब. प्रत्येकापुढे भाताची वाटी, मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, सूप, एक लहान रिकामी बशी आणि मिठात भाजलेला बांगडा. माशाला नेहमीची तांदळाची दारू लावलेली नाही, सूपही बिनदारूचं केलं आहे, असं साहेबांनी बाईंना दारातच सांगितलं होतं. बाईंनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष नात्सुमीकडे होतं. मुलीने गुडघे दुमडून पाय नीट मागे घेतले होते. पाठ ताठ होती.

सगळ्यांनी हात जोडले. “इतादाकिमास.” नात्सुमीचा आवाज सगळ्यांत स्पष्ट होता.

तिने आधी सूपाची वाटी दोन्ही हातांनी उचलली, एक घोट घेतला, खाली ठेवली. आवाज झाला नाही. मग काड्या उचलल्या, बाईंनी शिकवल्या तशा: उजव्या हाताने वरून, डाव्याचा आधार खालून, मग उजवा फिरवून पकड. ओबाचानची नजर त्या बोटांवर होती. नात्सुमीने भाताचा एक छोटा गोळा उचलला आणि खाल्ला, आणि त्याच क्षणी तिचा डावा हात सावकाश घसरत मांडीवर जाऊन बसला.

बाई खोकल्या.

हात वर आला. वाटी वर आली. बाईंनी श्वास सोडला आणि आपल्या वाटीकडे पाहिलं.

पुढे सगळं सरळ होत गेलं. नात्सुमीने मासा डोक्याकडून सोडवायला घेतला, वरची बाजू संपल्यावर तो उलटा केला नाही, काटा उचलून बाजूला ठेवला. हे कुणीच शिकवलं नव्हतं. ओबाचानने भुवया किंचित वर केल्या आणि काहीतरी विचारलं. नात्सुमीने उत्तर दिलं, मग बाईंकडे वळून म्हणाली, “ओबाचान विचारते, मासा असा खायला कुणी शिकवलं. मी म्हटलं, आईनं. मला आठवतं.”

ओबाचान पहिल्यांदाच थोडी हसली. हसू डोळ्यांपर्यंत आलं नाही, पण आलं. साहेबांचे खांदे खाली आले. बाईंना वाटलं, आता होईल. आता निभावलं.

त्या हसण्याने नात्सुमीलाही मोकळं वाटलं असावं. ओबाचान आता तिला परकी राहिली नव्हती. तिने बांगड्याच्या पोटाकडचा, मऊ, काटा नसलेला तुकडा निवडून काड्यांत धरला, टेबलावरून हात लांब केला आणि तो ओबाचानच्या समोर नेला. बाई तिच्या समोर बसलेल्या असत्या तर त्यांच्यासमोर नेला असता. रोज पहिला घास नेई तसाच; आज धाकाने तो द्यायचा राहिला होता.

ओबाचानच्या हातातल्या काड्या आपोआप वर आल्या. समोरून कुणी काही दिलं, तर हात पुढे होतोच. काड्यांच्या टोकांत तो तुकडा आला. क्षणभर तो चार काड्यांच्या मध्ये होता, इकडेही आणि तिकडेही.

मग ओबाचानला ते दिसलं.

तिने काड्या सोडल्या. त्या टेबलावर पडून घरंगळल्या. मासा सूपाच्या वाटीशेजारी पडला. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता. मोरियामा साहेबांनी मान खाली घातली आणि ती वर केलीच नाही.

नात्सुमी हात तसाच पुढे धरून बसली होती. “बाई,” ती म्हणाली, “काय झालं? काटा होता का?”

ओबाचान बोलू लागली. आवाज चढला नव्हता, पण वाक्यं तुटक येत होती. बाईंना एक शब्दही कळत नव्हता. त्यांनी नात्सुमीकडे पाहिलं.

“काय म्हणतात?”

मुलीने आपल्याबद्दलच ऐकलेलं एकेक वाक्य मराठीत सांगायला सुरुवात केली. “ओबाचान म्हणते, हिला हेही कुणी सांगितलं नाही. म्हणते, हात कसे धरायचे ते शिकवलं, आणि हे नाही. म्हणते, पोपट केलाय.” ती थांबली, ऐकलं. “म्हणते, ही तिच्या आईची कुणी राहिलीच नाही. पापांना म्हणते, बुधवारी... बुधवारी माझी बॅग भरायची.” आणि मग एकदम, “बाई, मी काय केलं?”

प्रश्न बाईंना होता. पण उत्तर साहेबांचं होतं, म्हणून बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. ते वाटीकडे बघत होते.

“साहेब,” बाई म्हणाल्या, “मैं बताऊँ?”

त्यांनी मान डोलावली.

बाईंनी नात्सुमीच्या हातातल्या काड्या घेतल्या आणि खाली ठेवल्या. त्यांना ठाऊक होतं, की आता जे सांगायचं त्यानंतर ही मुलगी इथे राहील की नाही ते सांगता येत नाही. कदाचित तिलाच जावंसं वाटेल. पण पोपट हा शब्द त्यांना लागला होता, कारण तो खरा होता.

“तू चूक केली नाहीस,” त्या म्हणाल्या. “मी एक नियम शिकवला नाही. ऐक. माणूस गेलं, की आमच्याकडे मातीत ठेवतात. कुशादादांच्या घरी आग देतात आणि नंतर अस्थी गोळा करतात. अस्थी म्हणजे हाडं. तुमच्याकडेही आग देतात. मग जवळची माणसं उभी राहतात आणि हाडं काड्यांनी उचलतात. एकजण उचलतो, दुसऱ्याच्या काड्यांत देतो. हातानं नाही. काडीतून काडीत. मग भांड्यात ठेवतात.”

ओबाचानने साहेबांना काहीतरी विचारलं. ही बाई मुलीला काय सांगते आहे, हेच असणार. आणि आता साहेबांना बोलावं लागलं. बाईंचं एकेक वाक्य ते जपानीत सांगू लागले, मान खाली ठेवूनच, आणि प्रत्येक वाक्यागणिक त्यांचा आवाज बसत गेला.

“दोघांनी का उचलायचं ते मला ठाऊक नाही,” बाई म्हणाल्या. “मला वाटतं, एकट्याला जड होत असेल. पण काडीतून काडीत फक्त तेव्हाच देतात. म्हणून जेवताना कधीच देत नाहीत. तू दिलंस, आणि ओबाचानला ते आठवलं.”

नात्सुमी आपल्या काड्यांकडे बघत होती.

“माझ्या आईला?” तिने विचारलं.

“हो.”

“कुणी उचललं?”

“ओबाचाननं आणि पापांनी.”

“आणि मी कुठं होते?”

“माझ्याकडे. खाली.”

“काय करत होते?”

बाईंना तो दिवस आठवत होता. त्या लपवू शकल्या असत्या. “झोका खेळत होतीस. कुशादादांनी आंब्याला बांधला होता.”

मुलीचं तोंड वाकडं झालं, पण ती रडली नाही. ती वडिलांकडे वळली आणि जपानीत काहीतरी विचारलं. साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली. डोळे लाल होते. त्यांनी उत्तर दिलं. नात्सुमी बाईंना सांगू लागली, जणू हे काम तिलाच नेमून दिलं होतं. “मी विचारलं, मला का नाही नेलं. पापा म्हणतात, मी घाबरेन म्हणून. म्हणतात, ते चुकले. ओबाचान म्हणाली होती आणा, ते नको म्हणाले.”

ओबाचान आता सरळ नातीकडे बघत होती. ती बोलली ते थोडंच होतं. नात्सुमी ऐकत राहिली आणि मध्ये एकदा तिने काही विचारून घेतलं.

“ओबाचान म्हणते, पायांपासून सुरू करतात. पाय आधी, मग वर वर, डोकं शेवटी. म्हणजे भांड्यात आई उलटी नाही होत. नीट बसते.” ती थांबली. “म्हणते, खूप हलकी होती.”

खाली रस्त्यावरून कंपनीची बस गेली आणि खिडकीची काच थरथरली.

बाईंना वाटलं, इथे थांबलं तर मुलीच्या मनात एवढंच राहील. घास म्हटला की हाडं. कुठल्याही मुलाला काय करायचं नाही एवढ्यावर सोडून चालत नाही.

“नात्सुमी,” त्या म्हणाल्या, “काडीतून काडीत द्यायचं नाही हे कळलं. मग घास द्यायचा असला तर कसा द्यायचा? मला येत नाही. ओबाचानला विचार.”

नात्सुमीने विचारलं. ओबाचानला प्रश्नच समजला नाही. घास म्हणजे काय? नात्सुमी समजावू लागली. शब्द सापडेना, तेव्हा तिने आपल्या बांगड्याचा तुकडा उजव्या हाताच्या बोटांनी तोडला आणि बाईंच्या तोंडापाशी धरला.

ज्या टेबलावर आपण हाताने खाऊ नये म्हणून दोन महिने मेहनत घेतली, तिथे, त्या आजीसमोर, ही मुलगी बोटांनी मासा पुढे करत होती. पण नाही म्हटलं असतं, तर आत्ता जे विचारायला लावलं तेच खोटं ठरलं असतं. त्यांनी तोंड उघडलं. मासा खारट आणि चांगला होता. नात्सुमीने बोटं पुसली आणि आजीला जपानीत सांगितलं, आणि लगेच बाईंनाही: “मी सांगितलं, जेवायला बसल्यावर पहिला घास समोरच्याला. मग आपण. तुला मी हात लांब करून काडीनं दिला, पण तो घासच होता. दुसरं काही नव्हतं.”

ओबाचान बाईंच्या तोंडाकडे बघत होती. त्या चावत होत्या, आणि एवढ्या नजरा असताना चावणं किती अवघड असतं ते त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. त्यांनी गिळलं.

मग ओबाचानने आपल्यापुढची लहान रिकामी बशी उचलली. दोन्ही हातांनी. ती टेबलावरून पुढे केली आणि नात्सुमीच्या वाटीपाशी धरून ठेवली. एक शब्द बोलली.

“यावर,” नात्सुमी म्हणाली. “यावर ठेवायचा म्हणते.”

तिने काड्या हातात घेतल्या. डाव्या हाताचा आधार विसरली नाही. माशाचा मोठासा तुकडा उचलला, तो मध्येच मोडला, म्हणून दुसरा उचलला, आणि बशीवर ठेवला. ओबाचानने बशी आपल्याकडे नेली. साहेबांनी तिच्या पडलेल्या काड्या गोळा करून पुसून तिच्यापुढे ठेवल्या. तिने तो तुकडा खाल्ला. हळूहळू खाल्ला, डोळे टिपले नाहीत, पाणी तसंच गालावरून जाऊ दिलं.

खाऊन झाल्यावर ती बाईंकडे वळली आणि सरळ त्यांच्याशी बोलली. साहेब सांगायला लागले तसं तिने हाताने थांबवलं आणि नात्सुमीला खूण केली.

“बाई, ओबाचान विचारते, तुम्ही मला आणखी काय काय सांगितलेलं नाही.”

“आईबद्दल काहीच नाही,” बाई म्हणाल्या. “लहानपणी कशी होती, काय आवडायचं, कशाला रागवायची. मला ठाऊकच नाही. ते ओबाचानकडेच आहे.”

नात्सुमीने सांगितलं. ओबाचानने विचार केला. मग तिने साहेबांना काहीतरी विचारलं आणि त्यांनी खांदे उडवून बाईंकडे बोट केलं.

“ओबाचान विचारते, शाळा कधी सुरू होते. पापांना माहीत नाही.”

“जूनमध्ये. पंधरा तारखेला.”

मुलीने तारीख जपानीत सांगितली. ओबाचानने बोटांवर आठवडे मोजले, मान हलवली, आणि बोलत असताना आपल्या वाटीतला उरलेला भात काड्यांनी गोळा करू लागली.

“म्हणते, बुधवारी मी तिच्याबरोबर जाणार,” नात्सुमी म्हणाली. बाईंनी टेबलाची कड धरली. “आईजवळ. दगड आहे तिचा, डोंगरावर. ओबाचान सगळं सांगणार मला. आणि दहा जूनला पापा घ्यायला येणार.” तिने पुन्हा आजीकडे कान दिला. “म्हणते, त्यांनीच यायचं. दुसऱ्या कुणाला पाठवायचं नाही.”

मोरियामा साहेबांनी दोन्ही तळवे मांडीवर ठेवले आणि कपाळ टेबलाला लागेपर्यंत वाकले.

“आणि बाई, म्हणते, तुमचा भात थंड झाला. शीत ठेवायचं नाही.”

फहमिदाबाईंनी डाव्या हाताने वाटी उचलली.